परदेशी शिक्षण सल्ला केंद्राची सेवा : सोलापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

माझ्या मुलीच्या परदेशी उच्च शिक्षणासाठी आम्ही सोलापुरातील एका सल्ला केंद्राची सेवा घेतली. ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना केंद्रात नाव नोंदवले. आता तिची पदवी पूर्ण झाली असून जर्मनीतील विद्यापीठांकडे अर्ज गेले आहेत. या काळात केंद्राचे काम जवळून पाहता आले. माझे मत असे की, कागदपत्रांच्या कामासाठी हे केंद्र विश्वासार्ह आहे आणि त्या कामापुरते त्यांचे शुल्कही वाजवी आहे. मात्र कोणता देश, कोणते विद्यापीठ आणि कोणता अभ्यासक्रम निवडायचा हा निर्णय त्यांच्या हाती देऊ नये. पदवीचे शिक्षण चालू असतानाच परदेशात संशोधनाचा किंवा कामाचा अनुभव घेण्याच्या ज्या संधी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध असतात, त्यांविषयी तर केंद्राकडे सांगण्यासारखे काहीही नव्हते. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी मांडणार आहे त्या एका कार्यालयाच्या नसून या व्यवसायाच्या रचनेतूनच येतात, आणि दुसऱ्या केंद्रात जाणाऱ्या पालकांनाही त्या भेटतीलच.

आधी जे चांगले आहे ते लिहिते. कार्यालय लहान, पण नीटनेटके आहे. पहिल्या भेटीचे शुल्क नाही. कागदपत्रे हाताळणाऱ्या ताई अत्यंत काटेकोर आहेत आणि या केंद्राची खरी जमेची बाजू त्याच आहेत. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) सक्तीचे झाले आहे; त्याचे शुल्क १८,००० रुपये असून अर्जात चूक राहिली की पुढचे सगळेच वेळापत्रक लांबते. आमच्या फाइलमध्ये ताईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट हेरली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर मुलीचे नाव आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव अशा क्रमाने होते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि उरलेली दोन नावे एकत्र होती. पदवीच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने निराळे होते. क्रमातला फरक चालतो, स्पेलिंगमधला फरक अडचणीत आणतो, असे सांगून त्यांनी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडून ते दुरुस्त करून घ्यायला लावले. हे काम तिसऱ्या वर्षात झाले म्हणून सहज झाले. पदवीचे अंतिम प्रमाणपत्र छापून आल्यानंतर हीच दुरुस्ती करायची तर विद्यापीठाच्या कार्यालयात किती खेटे घालावे लागतात, हे केगावला जाऊन आलेल्या कोणत्याही पालकाला विचारावे.

ट्रान्सक्रिप्टच्या (सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकाच्या) मोहोरबंद प्रती, उनी-असिस्ट या केंद्रीय छाननी संस्थेचे अर्ज, ब्लॉक्ड अकाउंटची माहिती हे सर्व त्यांनी वेळेवर आणि न चुकता केले. उनी-असिस्टचे शुल्क एका सत्रातील पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो असते. त्याच्या पावत्या आम्हाला थेट मिळाल्या, मध्ये कोणतीही वाढ केलेली नव्हती. ब्लॉक्ड अकाउंटबद्दलही त्यांनी दिशाभूल केली नाही. वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम ऐकून पालक घाबरतात. परंतु हे पैसे फी म्हणून जात नाहीत, ते विद्यार्थ्याच्याच नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशोबाने त्याला राहण्या-खाण्यासाठी परत मिळतात, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले.

आता निवडीच्या प्रश्नाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे.

जर्मन विद्यापीठे आपल्याकडचे गुण त्यांच्या पद्धतीत बदलून घेतात. त्यासाठीचे सूत्र सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणून ओळखले जाते आणि ते कोणालाही घरी वहीवर करता येईल इतके सोपे आहे : कमाल गुणांकातून आपला गुणांक वजा करायचा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांकातील फरकाने भागायचे, आलेल्या उत्तराला ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. तेथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा काठ, त्यामुळे आकडा जितका लहान तितका चांगला. अनेक अभ्यासक्रम २.५ ही मर्यादा ठेवतात. माझ्या मुलीचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांचा एकत्रित गुणांक, दहापैकी ७.४. सल्लागारांनी किमान उत्तीर्ण गुणांक ५ धरला आणि उत्तर काढले २.५६. त्यावरून त्यांनी सांगितले की सरकारी विद्यापीठे आता कठीण आहेत, तेव्हा खासगी विद्यापीठाचा विचार करावा, तेथे जागा नक्की मिळेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, म्हणून भाजकाकडे माझे लक्ष गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांकांच्या श्रेणीपद्धतीत उत्तीर्ण श्रेणीला ४ गुणांक असतात, आणि मुलीच्या गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेल्या तक्त्यातही तेच होते. ४ धरल्यास १० उणे ७.४ म्हणजे २.६, भागिले ६, गुणिले ३, अधिक १ : उत्तर २.३. एका आकड्याच्या फरकाने माझी मुलगी मर्यादेच्या बाहेरून आत आली. सल्लागारांना तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी तो लगेच मान्य केला, वाद घातला नाही, याची नोंद घ्यायलाच हवी. पण ज्या घरात हे गणित कोणी तपासले नसते, त्या घराने सरकारी विद्यापीठ सोडून वर्षाला दहा हजार युरोंहून अधिक फीचे खासगी विद्यापीठ स्वीकारले असते आणि त्यासाठी राहते घर बँकेकडे तारण ठेवले असते. आपल्या शहरात यंत्रमागावर, बाजार समितीत किंवा छोट्या दुकानावर घर चालवून मुलांना इंजिनिअर करणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांच्यासाठी ही चूक लहान नाही. म्हणून किमान उत्तीर्ण गुणांक किती आहे याचे पत्र महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे आणि ते अर्जासोबत जोडावे.

खासगी विद्यापीठाकडे कल का असतो, हे समजून घेतले पाहिजे. परदेशातील अनेक विद्यापीठे त्यांच्याकडे विद्यार्थी पाठवणाऱ्या केंद्रांना पहिल्या वर्षाच्या फीचा काही भाग मोबदला म्हणून देतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्कच घेत नाहीत, सत्राचे काही शे युरो तेवढे घेतात. जेथे फीच नाही तेथे मोबदला कुठून येणार? याला अपवाद आहेत : बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. पण एकूण चित्र तेच राहते. केंद्राने मोबदला घेणे बेकायदा नाही आणि त्यात लपवण्यासारखेही काही नसावे. मी सल्लागारांना सरळ विचारले, ‘सर, या यादीतल्या कोणकोणत्या विद्यापीठांकडून तुम्हाला कमिशन मिळते?’ त्यांनी पेन घेऊन यादीवर खुणा केल्या. सुचवलेल्या विद्यापीठांपैकी बहुतेकांवर खूण होती. हा प्रश्न प्रत्येक पालकाने पहिल्याच भेटीत विचारावा; जे केंद्र उत्तर देते ते निदान प्रामाणिक आहे, आणि या कसोटीवर आमचे केंद्र उतरले.

निवडीतील दुसरी उणीव अभ्यासक्रमाच्या जुळणीची. जर्मन विद्यापीठे केवळ गुण पाहत नाहीत. पदवीत गणित किती क्रेडिटचे झाले, ऊष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, नियंत्रण प्रणाली हे विषय किती खोलवर शिकवले गेले, हे ती विषयवार तपासतात. म्हणजे चारही वर्षांचा सिलॅबस आणि प्रत्येक विषयाचे तास यांची मांडणी करून ती त्या अभ्यासक्रमाच्या अटींशी ताडून पाहावी लागते. केंद्राने आमच्याकडे सिलॅबस मागितलाच नाही. मुलीने आणि तिच्या विभागातील एका प्राध्यापिकांनी हा तक्ता तयार केला, आणि त्यातून असे दिसले की केंद्राच्या यादीतील मेकाट्रॉनिक्सच्या एका अभ्यासक्रमासाठी तिचे इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट पुरेसेच नव्हते. तो अर्ज केला असता तर शुल्क आणि एक सत्र दोन्ही वाया गेले असते.

एसओपीबद्दल, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या उद्देशपत्राबद्दल थोडक्यात. केंद्राने दिलेला नमुना लहानपणी खेळणी उघडून पाहण्याच्या हकिकतीने सुरू होत होता, आणि तिच्या वर्गातील दुसऱ्या मुलालाही तोच नमुना मिळाला होता. मुलीने तो बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षात केलेल्या साखर कारखान्याच्या प्रकल्पावर लिहिले : बॉयलरच्या धुरातून वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशोब, मोजमापात आलेल्या अडचणी, आणि त्यातून पुढे काय शिकायचे आहे. केंद्रातील ताईंनी त्याचे इंग्रजी उत्तम तपासून दिले. नमुना त्यांचा घेऊ नये, तपासणी मात्र जरूर घ्यावी.

ज्या भागासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, तो आता. पदवी चालू असतानाच्या संधींबद्दल मी केंद्रात विचारले तेव्हा, ‘मॅडम, आधी डिग्री होऊ द्या, मग बघू,’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर सद्भावनेने दिलेले असेल, पण त्याने विद्यार्थ्याची दोन मोलाची वर्षे जातात.

जर्मनीची डीएएडी ही संस्था ‘वाइज’ नावाची योजना भारतीय विद्यार्थ्यांसाठीच चालवते. त्यात विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांना जर्मनीतील विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत दोन ते तीन महिने काम करता येते, दरमहा विद्यावेतन मिळते आणि प्रवासासाठीही रक्कम दिली जाते. यात सर्वांत अवघड भाग असा की यजमान प्राध्यापक स्वतः शोधावा लागतो आणि त्याचे निमंत्रणपत्र अर्जाआधी हाती असावे लागते. अर्जाची मुदत पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीस संपते. म्हणजे प्राध्यापकांना पत्रे पाठवण्याचे काम जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झाले पाहिजे. कोणत्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पात्र आहेत, हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत आधी पाहून घ्यावे.

कॅनडातील मायटॅक्स संस्थेची ‘ग्लोबलिंक’ संशोधन इंटर्नशिप बारा आठवड्यांची असते. येथे प्राध्यापक शोधावा लागत नाही. तिकडच्या प्राध्यापकांनी दिलेल्या प्रकल्पांच्या यादीतून विद्यार्थ्याने आपल्या पसंतीचे प्रकल्प निवडायचे असतात. अर्ज मात्र आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास करावा लागतो, हे ज्याला दुसऱ्या वर्षातच ठाऊक असेल त्यालाच त्याचा उपयोग. तिसरी वाट आयएस्टे या संघटनेची. तांत्रिक विद्यार्थ्यांना परदेशी कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत सवेतन प्रशिक्षण मिळावे म्हणून ती १९४८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. भारतातील तिचे काम मणिपालहून चालते. यांपैकी कोणत्याही योजनेत दलालाला जागा नाही, म्हणून कोणत्याही केंद्राच्या भिंतीवर यांची जाहिरात दिसणार नाही.

प्राध्यापकांना पत्र कसे लिहावे, याबद्दल मुलीच्या वर्गाला एका माजी विद्यार्थ्याने जे सांगितले ते इतके उपयुक्त आहे की येथे देते. एकच मजकूर शंभर जणांना पाठवू नये. ज्यांना लिहायचे त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचावा, त्यातल्या एखाद्या आकृतीवर किंवा पद्धतीवर एक नेमका प्रश्न विचारावा, स्वतः काय करता येते ते दोन वाक्यांत सांगावे : सॉलिडवर्क्स येते, पायथनमध्ये मापनांचे विश्लेषण केले आहे, लेथवर स्वतः काम केले आहे. किती आठवडे आणि कोणत्या तारखांना येऊ शकतो हेही लिहावे. तारखांचा मुद्दा आपल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाचा, कारण उन्हाळी सत्राच्या परीक्षा अनेकदा पुढे सरकतात आणि तिकडच्या इंटर्नशिपा मे महिन्यातच सुरू होतात. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे वेळापत्रक आखता येते. त्यांच्या परीक्षा नियंत्रकांनी परदेशी इंटर्नशिप मिळालेल्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक परीक्षा आठवडाभर आधी घेण्याची सोय केली, तर एखाद्याचे सगळे करिअर बदलू शकेल. मला हे फार मनापासून वाटते. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून बसने ये-जा करून शिकणाऱ्या मुलाकडे आयआयटीच्या विद्यार्थ्याइतक्या ओळखी नसतात; त्याच्याकडे वेळ आणि माहिती एवढेच भांडवल असते, आणि माहिती उशिरा मिळाली की वेळही जातो.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीतही केंद्राचे ज्ञान तोकडे होते. युरोपातील इरास्मस मुंडुस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो देते आणि तिच्यासाठी शेवटच्या वर्षातील विद्यार्थीही अर्ज करू शकतात. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात. अनुसूचित जाती आणि काही इतर वंचित घटकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागा असून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये आहे. राज्य शासनाची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी संस्थेची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. या योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, आणि त्यांत विद्यापीठाचे जागतिक मानांकन पाहिले जाते. म्हणजे विद्यापीठ निवडतानाच शिष्यवृत्तीची अट समोर असावी लागते. केंद्राने सुचवलेले खासगी विद्यापीठ अशा मानांकनाच्या यादीत कोठेही नव्हते. ज्यांना यांपैकी काही लागू नाही त्यांच्यासाठी १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे.

केंद्राने अलीकडे ‘वर्क अब्रॉड’ असे नवे पॅकेज सुरू केले आहे, त्याबद्दल मी पालकांना सावध करीन. शिक्षणाचा सल्ला देणे आणि परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटांची यादी कोणालाही पाहता येते. मी नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा तो ‘प्रक्रियेत आहे’ असे सांगण्यात आले. क्रमांक हाती येईपर्यंत या पॅकेजसाठी एक रुपयाही देऊ नये. शिवाय अभियंत्याला जर्मनीत थेट काम शोधायचे असेल तर जून २०२४ पासून ‘संधी कार्ड’ हा मार्ग खुला आहे. पात्रता, भाषा, वय, अनुभव यांचे किमान सहा गुण जमले आणि राहण्याच्या खर्चाची तरतूद दाखवता आली, की वर्षभर तेथे राहून नोकरी शोधता येते. त्याचा अर्ज स्वतः करता येतो. शिकायला गेलेल्यांना तर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आणि पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. या सर्वांत जर्मन भाषेला जे वजन आहे ते केंद्राने फारच कमी सांगितले. माझ्या मुलीने तिसऱ्या वर्षापासून ऑनलाइन वर्ग लावून पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून जर्मन भाषेची परीक्षा दिली. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातील अर्धवेळ काम जर्मन येणाऱ्यालाच आधी मिळते.

शुल्काविषयी. आमच्याकडून त्यांनी कागदपत्रे, उनी-असिस्ट आणि व्हिसा फाइल यांसाठी ३५,००० रुपये ठरवले, ते टप्प्याटप्प्याने घेतले आणि प्रत्येक वेळी जीएसटीची पावती दिली. ‘संपूर्ण पॅकेज’ याच्या दुपटीहून महाग होते आणि त्यात विद्यापीठ निवड, एसओपी लेखन व ‘प्रवेशाची हमी’ होती. ते आम्ही नाकारले, त्यावर त्यांनी आग्रह धरला नाही. करारात एक कलम होते की नोंदणीनंतर रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. मी ते बदलून ‘ज्या टप्प्याचे काम सुरू झालेले नाही त्याची रक्कम परत’ असे हाताने लिहून घेतले आणि दोन्ही प्रतींवर सही-शिक्का मागितला, त्यांनी दिला. मूळ प्रमाणपत्रे त्यांनी ठेवून घेतली नाहीत, प्रती घेऊन समोरच परत केली. जेथे मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात किंवा पावतीशिवाय रोख मागतात तेथून उठून यावे, आणि पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी.

चौथ्या वर्षातील ज्या विद्यार्थ्याने विद्यापीठे स्वतः निवडली आहेत, त्याला मी या केंद्राच्या कागदपत्र सेवेची शिफारस करते. नोंदणी करताना फाइल त्याच ताईंकडे राहील असे सांगून घ्यावे. दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने तेथे अजून जाऊ नये. त्याने आधी पासपोर्ट काढावा, केटी (मागे राहिलेला विषय) असल्यास ती काढून टाकावी आणि येत्या जुलैत प्राध्यापकांना पत्रे लिहायला घ्यावीत.